जावयाची उशी

माझ्या नवऱ्याला खोटं बोलता येत नाही, असं सगळे म्हणतात. मीही पूर्वी कौतुकानं म्हणायचे. आता ते कौतुक उरलेलं नाही. खोटं बोलता येत नाही हे खरं, पण खरं बोलायलाही ह्यांना इतका वेळ लागतो की तोवर व्हायचं ते होऊन जातं. हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलेलं आहे, तेव्हा इथं म्हणायला मला कसली चोरी?

हे इस्पितळात मुखवटे करायचे. ऐकणाऱ्याला वाटतं, नाटकाबिटकाचं काहीतरी असेल. नाटक कसलं आलंय! डोक्याच्या, मानेच्या, घशाच्या कॅन्सरला मशीनवर किरण देतात, तेव्हा माणूस टेबलावर तसूभर हललेला चालत नाही. म्हणून ज्याचा त्याचा मुखवटा करतात. जाळीचं पांढरं प्लास्टिक गरम पाण्यात बुडवलं की लिबलिबीत होतं. ते तोंडावर ओढायचं, नाकाडोळ्यांच्या खोबणीत बोटांनी दाबायचं, आणि घट्ट होईपर्यंत माणसाशी काहीबाही बोलत राहायचं. पुढं महिना-दीड महिना रोज तोच मुखवटा चढवून माणसाला टेबलाला खिट्ट्यांनी जखडतात. सव्वीस वर्षं ह्यांनी हेच केलं. गरम पाण्यानं बोटांची टोकं कायमची गुलाबी झाली. इस्पितळात ह्यांना नावानं कुणी ओळखत नाही, मुखवटेकाका म्हणतात.

त्याआधी हे कपड्यांच्या दुकानात उभे करतात ना, त्या पुतळ्यांच्या कारखान्यात होते, चेहरे घासायला. आम्ही पहिल्यांदा भेटलो तेव्हा हे माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते. मला वाटलं, भाळला बिचारा. लग्नानंतर कळलं, माझं नाक डावीकडं कलतं ते डोळ्यांनी मापत होते. आमच्या घरात एक फळी तिरकी सापडणार नाही. चादरीचे चारही कोपरे सारखे लोंबले पाहिजेत, नाहीतर ह्यांना झोप येत नाही. मूलबाळ झालं नाही. मापात बसलं नसेल, असं मी म्हणायचे. कधी हसून, कधी चिडून.

मूल नाही म्हटल्यावर जावई कुठला? पण आम्हाला होता. वर्षातून एकदा यायचा, पेटीतून.

इस्पितळं किरण बरोबर देतात की नाही, हे तपासणारी एक मोठी प्रयोगशाळा आहे. ती एक पुतळा पाठवते. डोक्यापासून छातीपर्यंत अस्सल माणूस. हात नाहीत, पाय नाहीत. चामडीच्या रंगाचं प्लास्टिक, आत खऱ्यासारखी हाडं, आणि सगळा देह पावासारखा कापलेला. एकेका कापात बारीक भोकं, त्या भोकांत मसुरीएवढ्या चकत्या. ज्या चकतीवर जेवढे किरण पडले तेवढे ती लक्षात ठेवते. इस्पितळानं पुतळ्याचा मुखवटा करायचा, हिशेब मांडायचा, त्याला मशीनखाली झोपवून किरण द्यायचे आणि पेटी परत धाडायची. मग तिकडं चकत्या तापवून वाचतात. ठरल्याप्रमाणे पडले तर पास, शंभराला पाचाहून जास्त चुकले तर नापास. पेटीत एक कागद असतो, त्यावर पहिलंच वाक्य: या पुतळ्याला तुमच्या रोजच्या पेशंटसारखंच वागवा.

आणि ह्यांचं इस्पितळ त्याला कसं वागवायचं? आला की दोन माणसं पेटी उचलायला. टेबल पुसून घ्यायचं. पेशंट यायच्या आधी, सकाळी सातला, सगळे ताजेतवाने असताना त्याला झोपवायचं. मोठे साहेब, म्हणजे किरणांचा सगळा हिशेब ज्यांच्या हातात ते, जातीनं उभे. एकदा मापायचं, पुन्हा मापायचं, फोटो काढायचा, पुन्हा फोटो. पेशंटला दहा मिनिटं, ह्याला दोन तास. म्हणून मशीनवरच्या मुलींनी त्याचं नाव ठेवलं जावई. दरवर्षी पास. भिंतीवर एकाशेजारी एक प्रमाणपत्रं टांगलेली.

हे घरी येऊन सांगायचे आणि आम्ही हसायचो. हो, मीही हसायचे. माझ्याही कपाटात सोनेरी काठाच्या सहा कपबश्या होत्या, पाहुण्यांसाठी. आम्ही दोघं कान तुटलेल्या कपांतून प्यायचो. त्यात काही चुकतंय असं कधी वाटलं नाही.

मग माझ्या घशात गाठ निघाली.

माझा मुखवटाही ह्यांनीच केला. दुसऱ्यांशी गप्पा मारून त्यांना धीर देणारा माणूस, माझ्या वेळी नुसता जाळी दाबत बसला. शेवटी मीच जाळीखालून पुटपुटले, "नाक डावीकडं आहे, विसरू नका." तेव्हा कुठं हसले. आणि मग तोंड फिरवून उभे राहिले.

तेहतीस दिवस किरण घ्यायचे होते. माझा नंबर सत्तावीस. दुपारी तीनच्या सुमाराला लागायचा. माझ्यामागून अठ्ठावीस. ती शिंपीण होती, बायकांचे कपडे शिवायची. तिचंही घशाचंच दुखणं, माझ्यासारखंच मागच्या बाजूला, आणि आमचे दिवसही एकाच आठवड्यात सुरू झाले. बाकावर शेजारी बसून बसून आमची गट्टी जमली. नावं विचारायचं राहूनच गेलं. ती मला "अहो सत्तावीस" म्हणायची, मी तिला "अहो अठ्ठावीस". येणाऱ्याजाणाऱ्याच्या कपड्यांना नावं ठेवायची तिला भारी हौस. "त्या डॉक्टरीणबाईंच्या बाह्या बघा, एक लांडी एक लांब. उलट्या लावल्यात मेल्यानं." घसा जळत असताना हसवायची. हसलं की दुखायचं, म्हणून मी तिला शिव्या घालायचे.

बाराव्या दिवसाची गोष्ट. सोमवार होता. सोमवारी फोटो काढून बघतात, माणूस जागेवर झोपलाय ना. ज्यांचे फोटो त्यांना सकाळीच बोलवतात, म्हणून त्या दिवशी मला पाचवा नंबर मिळाला. रात्री पाठीला मलम चोळून घेता घेता मी ह्यांना सहज म्हटलं, "सकाळची उशी उंच असते का हो? आज मुखवटा नाकावर घट्ट बसला. रोज दुपारी तर आत मान फिरवता येते मला."

ह्यांनी मलमाची डबी खाली ठेवली.

"फिरवता येते म्हणजे किती?"

"आता टेप घेऊन जाऊ का आत? येते थोडी. बोटभर."

हे उठून बसले ते बसूनच राहिले.

मला नंतर समजलं ते असं. मानेखाली जी पारदर्शक प्लास्टिकची उशी असते, तिची मापं असतात. आमच्या दोघींचा मुखवटा तीन नंबरच्या उशीवर केलेला. तशी एक उशी साच्याच्या खोलीत, ह्यांच्याकडं, रोज लागणारी. दुसरी मशीनच्या खोलीतली, तिला तडा गेला होता. म्हणून मुलींनी डोकं चालवलं: दोन नंबरची, जरा बुटकी उशी घ्यायची आणि तिच्यावर टॉवेलची चार पदरी घडी. सकाळी सहाला धुऊन आलेला टॉवेल फुगलेला असतो, उंची अगदी तीन नंबरएवढी. मोठे साहेब रोज सकाळी तपासणी करायचे, बरोबर यायचं. फोटो सकाळी, बरोबर यायचे. पण दिवसभर त्या घडीवर वीस-बावीस डोकी विसावली की दुपारी टॉवेलची पार चपाती व्हायची. डोकं खाली जायचं, मुखवटा वरच राहायचा, आणि किरण जायचे ठरल्या जागेच्या पुढून. गाठीची मागची कड राहायची उपाशी. असं आठ महिने चाललं होतं. आणि तीन नंबरची एक कोरी करकरीत उशी साहेबांच्या कपाटात कुलूपबंद होती. कुणासाठी? जावयासाठी! खराब होऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळीच हे साहेबांच्या दारात. साहेब काही राक्षस नव्हेत. मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा स्वतःची खुर्ची मला दिली होती. ते म्हणाले, "काका, रोजची तपासणी बरोबर येतेय. पेशंटच्या मानेच्या अंदाजावर मी काय लिहू? आणि ती उशी आत्ता काढली तर तपासणीच्या दिवशी काय करू? जावई दहा दिवसांवर आलाय. तो गेला की घ्या उशी."

"साहेब, दुपारी एकदा मापून बघा."

"दुपारी मशीन रिकामं कुठं असतं, काका? साठ पेशंट आहेत. कुणाला परत पाठवू?"

हे तिथून निघाले. मशीनवरच्या मुलींना म्हणाले, दुपारी टॉवेल बदला. त्यांनी दोन दिवस बदलला. तिसऱ्या दिवशी धुतलेले टॉवेल संपले.

लेखी द्यायला हवं होतं. मी आज शंभरदा म्हणते, एक कागद लिहून द्यायला हवा होता. पण हा माणूस हातानं विचार करणारा. त्यांनी साच्याच्या खोलीत बसून गरम तारेनं कडक फोमचा एक तुकडा कापला. दोन नंबरच्या उशीवर ठेवला की बरोबर तीन नंबरची उंची, कितीही डोकी टेकली तरी न दबणारा. घरी आणला. मी त्याला निळ्या कापडाचा अभ्रा शिवला, वाकड्यातिकड्या टाक्यांचा.

"उद्यापासून पिशवीत घालून न्यायचा," हे म्हणाले. "मुलींना मी सांगितलंय. तुझी मान दुखते म्हणून आहे, एवढंच त्यांना माहीत. आणि काम झालं की लगेच पिशवीत. टेबलावर परवानगी नसलेली वस्तू चालत नाही. साहेबांनी बघितला तर काढून घेतील."

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला इतकं हायसं वाटलं की मी त्यांचे हात धरून रडले. दुसऱ्या दिवशी मुखवटा नाकावर गच्च बसला, आणि आयुष्यात पहिल्यांदा जखडून घेतल्याचा मला आनंद झाला.

मी बाहेर यायचे, अठ्ठावीस आत जायची. दारातच आमची गाठ पडायची. एकदा तिनं विचारलं, "रोज आत काय नेता हो पिशवीत? डबा?"

मी म्हटलं, "हो, डबा."

"मशीनला भरवता का?" म्हणाली आणि हसत आत गेली. टॉवेलावर झोपायला.

जावई आला तो नेमका साहेब परगावच्या सभेला गेले तेव्हा. जाताना त्यांनी कपाटाची किल्ली ह्यांच्या हातावर ठेवली. "काका, तुम्ही आहात म्हणून निर्धास्त आहे. सकाळी सात वाजता, नेहमीसारखं." ह्यांनी किल्ली घेतली, खिशात घातली आणि कपाट उघडलंच नाही. साच्याच्या खोलीत त्याचा मुखवटा पेशंटांसारखाच तीन नंबरच्या उशीवर केलेला होता. सकाळी सातला त्याला झोपवलं नाही. दुपारी तीनला ढकलगाडीवर चादर घालून आणलं आणि बाकाशेजारी रांगेत लावलं.

अठ्ठावीसनं चादरीचं टोक उचलून बघितलं आणि किंचाळलीच. "अगं बाई! हा कोण?"

"आमचा जावई," मी म्हटलं.

"हात ना पाय! काय बघून दिलीत मुलगी?" मग त्याच्या तोंडाकडं निरखून म्हणाली, "नंबर लावून आलाय का? की ओळखीनं घुसला मध्येच?"

"आज नंबर लावून आलाय," हे म्हणाले.

माझ्यामागून त्याला आत घेतलं. त्याच टॉवेलावर, वीस-बावीस डोक्यांनी दाबलेल्या. त्याच दोन दमलेल्या मुली. दहा मिनिटं, एक मिनिट जास्त नाही. मग अठ्ठावीस आत गेली. पेटी बांधली, धाडली. रात्री घरी आल्यावर हे मला म्हणाले, "आता सगळ्यांना कळेल." मला अभिमान वाटला. आता विचार केला की त्या अभिमानाचा राग येतो. कारण "कळेल" म्हणजे कधी? चकत्यांचा निकाल यायला सहा आठवडे लागतात. आमचे दोघींचे शिल्लक दिवस किती होते? प्रत्येकी तेरा.

निकाल आला तेव्हा आम्ही दोघी घरी बसलो होतो, उपचार संपवून. नापास. पुढच्या चकत्या ठीक. मागच्या कडेच्या चकत्यांत शंभरच्या जागी सत्त्याऐंशी.

इस्पितळात आकाश कोसळलं. कुणी म्हटलं नाही की आठ महिने दुपारच्या पेशंटांना काय मिळालं ते शोधा. सगळ्यांचा एकच प्रश्न, पुतळ्याची हेळसांड कुणी केली? चौकशी बसली. तीन खुर्च्या, एक टेबल, एक पाण्याचा पेला. आत काय झालं ते मला मशीनवरच्या धाकट्या मुलीनं सांगितलं. तिला साक्षीला बोलावलं होतं. ह्यांच्या तोंडून एवढं निघणं शक्य नाही.

चौकशीवाल्यांनी ह्यांना विचारलं, "वेळ दिली नाही, नवी उशी वापरली नाही, फोटो काढून खात्री केली नाही. हा निष्काळजीपणा मान्य आहे?"

हे म्हणाले, "पेटीतल्या कागदावर लिहिलंय, पेशंटसारखं वागवा. मी पेशंटसारखं वागवलं."

धाकटी सांगत होती, तिला वाटलं काका जिंकले. मग मोठे साहेब, जे इतका वेळ खाली बघत होते, हळूच म्हणाले, "काका, तुमच्या मिसेस तिथंच उपचार घेत होत्या. त्यांच्यासाठी तुम्ही वेगळा तुकडा केला होतात. मला मुलींनी सांगितलं. म्हणजे दोष तुम्हाला माहीत होता. मग एक ओळ लिहून का दिली नाहीत?"

इथं दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, तुम्हाला तोंडी सांगितलं होतं साहेब, तुमच्याच दारात. ह्यांनी ते काढलंच नाही. हे म्हणाले, "हो. जावयाला मी पेशंटसारखं वागवलं आणि बायकोला जावयासारखं."

झालं. तेच वाक्य अहवालात कबुली म्हणून चढलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं शेजारीपाजारी म्हणाले, आणि मीही चार दिवस तेच घोकत फिरले. पण ह्यांना संन्यासी म्हणताना माझी जीभ अडखळायची. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. अहो, आम्ही दोघांनी नेमकं तेच केलं होतं.

ह्यांना निवृत्तीला दोन वर्षं असताना घरी बसवलं. पुन्हा पेटी मागवली, सकाळी सातला, कपाटातल्या उशीवर, साहेब जातीनं उभे. पास. प्रमाणपत्र भिंतीवर. बरं, एक गोष्ट मान्य करते, टॉवेल बंद झाला. तीन नंबरच्या चार नव्या उश्या आल्या. तीन वापरायला काढल्या. चौथी साहेबांच्या कपाटात. कशासाठी, ते काय सांगायला हवं?

दुपारच्या त्या आठ महिन्यांच्या पेशंटांना कुणी बोलावून काही सांगितलं नाही. हे साहेबांना दोनदा भेटायला गेले, यादी करा म्हणून. दोन्ही वेळा दारातल्या माणसानं बसवून ठेवलं आणि परत पाठवलं. तिसऱ्या वेळी गेले नाहीत. मी म्हटलं, "आता तरी लिहून द्या." तेव्हा मात्र लिहिलं. चार ओळींचं पत्र, तीन दिवस लागले. उत्तर आलं नाही.

माझी गाठ गेली ती गेली. वर्ष झालं, सव्वा वर्ष झालं, डॉक्टर आरसा घालून बघतात आणि "छान" म्हणतात. तोंडात थुंकी नाही, पाण्याची बाटली गळ्यात बांधल्यासारखी घेऊन फिरते, पण आहे. हे घरात फळ्या सरळ करत बसतात. आधीच सरळ असलेल्या.

गेल्या महिन्यात दुपारी दार वाजलं. उघडलं तर अठ्ठावीस. ओळखलं नाही मी पहिल्यांदा, इतकी वाळली होती. इस्पितळातल्या धाकटीकडून पत्ता काढून आली होती. आवाज म्हणजे नुसता वारा.

"परत आलंय," ती म्हणाली. "मागच्या बाजूला. आता आणखी किरण देता येत नाहीत म्हणतात. म्हटलं, सत्तावीस कशी आहे बघून यावं."

मी सोनेरी काठाच्या कपबश्या काढल्या. ह्यांनी आतून तिचा आवाज ऐकला असणार. बाहेर आले, तिच्याकडं बघितलं, आणि एकच प्रश्न विचारला, "मागच्या बाजूला म्हणजे कडेला?"

"कडेलाच," ती म्हणाली.

हे आत गेले. मला वाटलं, आता बाहेर येत नाहीत. पण आले. हातात तो निळ्या अभ्र्याचा तुकडा. तो त्यांनी तिच्यासमोर, कपबशीशेजारी ठेवला आणि उभ्या उभ्याच तिला सगळं सांगितलं. टॉवेल, कपाट, जावई, सत्त्याऐंशी. एक अक्षर सोडलं नाही. "तुमचं त्यामुळंच परत आलं, असं कुणी डॉक्टर लिहून देणार नाही. मीही शपथेवर सांगू शकत नाही," असं शेवटी म्हणाले. "पण तुम्हाला माहीत असायला हवं."

मी वाट बघत होते, ती ओरडेल. तिनं ओरडावं असं मला मनापासून वाटत होतं. तिनं तुकडा उचलला. अभ्र्यावरून अंगठा फिरवला. "टाके तुमचे ना?" मला म्हणाली. "इथं उसवणार आहे बघा." मग तो उलटा केला, कडेनं माप घेतल्यासारखी बोटं चालवली.

"आपल्या दोघींची उशी तीनच नंबरची ना?"

"हो," हे म्हणाले.

"म्हणजे हा मलाही बसला असता."

"हो. बरोबर बसला असता," हे म्हणाले.

ती माझ्याकडं वळली. "तुम्ही बाहेर यायचात आणि मी आत जायचे. दारात भेटायचो आपण. हा नुसता टेबलावर ठेवून आला असतात तर? मी येताना आणला असता की तुमचा तुम्हाला परत."

उत्तर मी दिलं. म्हटलं, "नाही हो सुचलं. देवाशपथ, सुचलंच नाही."

तिनं माझा हात थोपटला. म्हणाली, "असू दे. घाबरलेल्या माणसाला कुठं सुचतं." चहा तिला गिळवत नव्हता, तरी दोन घोट घेतले, आणि गेली.

सुचलं होतं. पहिल्याच दिवशी, दारात, ती समोरून येत होती तेव्हा. मला वाटलं, तिच्याजवळ राहिला आणि साहेबांनी बघितला, तर माझा जाईल. म्हणून मी पिशवीचं तोंड घट्ट आवळलं आणि तिला म्हटलं, जा, तुमचा नंबर आलाय.